हौस फिटलेली माणसे

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या लग्नाची बैठक होती. मुलगा-मुलगी आधीच भेटली होती, एकमेकांना पसंत होती. उरले होते ते दोन्ही घरांनी समोरासमोर बसून पोहे खाणे आणि तारखांवर बोलणे. बोलणी रंगात आली तेव्हा मुलाची आई हसत म्हणाली, "आम्हाला नातवंडांची घाई आहे हं, आत्ताच सांगून ठेवते." त्यावर बहीणही तितक्याच सहजपणे म्हणाली, "काकू, माझी दोन मुलं वाढवून झालीत. आता जरा सुट्टी हवी." सगळे हसले. तिचे दोन्ही भाऊ सर्वांत मोठ्याने हसले, कारण ती दोन मुले म्हणजे तेच दोघे, हे खोलीतल्या निम्म्या माणसांना ठाऊक होते. मावशी मात्र हसली नाही. ती उठली आणि पाणी आणायला आत गेली. टीपॉयवरचे पेले भरलेलेच होते.

ते वाक्य तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. त्यात कडवटपणा नव्हता. असता तर कदाचित मी ते विसरूनही गेले असते, कारण लग्नाच्या बैठकीत कुणीतरी काहीतरी लागट बोलतेच. ती एखादी नोंद सांगावी तशी बोलली होती. मला टोचले ते वेगळ्या कारणाने. मी एकुलती एक. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात माझे बालपण गेले. तिथे दुपारी फक्त घड्याळाचा आणि शेजारच्या कुकरचा आवाज यायचा. "मला दोन तरी मुलं हवीत, जमलं तर तीन," असे मी लग्नाआधीपासून म्हणत आले आहे, आणि ते म्हणताना डोळ्यांसमोर जे भरलेले घर असते ते याच मावशीचे. ज्या घराच्या भरवशावर मी मुलांची स्वप्ने रंगवली, त्याच घरातून ही मुलगी सुट्टी मागत बाहेर पडली होती.

काका एका सहकारी साखर कारखान्यात नोकरीला होते आणि मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. राहायला कारखान्याच्या वसाहतीतले दोन खोल्यांचे क्वार्टर. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत तिथे जायचो. गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला असायचा. गव्हाणीत मोळी पडली की वसाहतीचे सगळे जगणे भोंग्याच्या तालावर चालू लागायचे. हवेत मळीचा आंबूस, गोडसर वास भरून असायचा. पहिल्या दिवशी तो नकोसा वाटायचा आणि चौथ्या दिवशी जाणवेनासा व्हायचा. बॉयलरच्या चिमणीतून काजळीचे हलके काळे कण उडत यायचे आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, अंगणातल्या किल्ल्यावर, मावळ्यांच्या पागोट्यांवर अलगद बसायचे. ती काजळी कधी चोळायची नाही, नुसती फुंकायची. चोळली की डाग पसरतो, हे मला माझ्याहून वर्षाने लहान असलेल्या त्या मावसबहिणीने शिकवले. तिला सगळे ताई म्हणायचे. भाऊ म्हणायचे, शेजारचे म्हणायचे, तिचे आईवडीलही म्हणायचे. वयाने मोठी असूनही मीसुद्धा तेच म्हणायला लागले होते. एका ताटात चौघांनी जेवायचे, एका गोधडीखाली चौघांनी झोपायचे, चकल्या चोरायच्या, मार सगळ्यांनी मिळून खायचा. परतीच्या एसटीत मी दरवर्षी रडायचे.

दिवाळीत शाळांना सुट्टी असते, म्हणजे मावशी घरी असते, ही साधी गोष्ट माझ्या हिशेबात कधी आलीच नव्हती.

एका जानेवारीत आईचे ऑपरेशन झाले आणि मला काही आठवडे मावशीकडे ठेवले. काका रात्रपाळी करून सकाळी येत, चहा घेत आणि बाहेरच्या खोलीत पडदा ओढून झोपत. मावशीची शाळा दूरच्या वाडीवर होती, मध्ये गाडी बदलावी लागे. ती आठच्या आत घराबाहेर पडे आणि तिन्हीसांजेला परते. ताईची शाळा बाराची. मधल्या वेळेत सात वर्षांचा मधला आणि वर्षाचा धाकटा तिच्या ताब्यात. साडेअकराला धाकट्याला शेजारच्या काकूंकडे सोपवायचे, मधल्याचा हात धरून शाळेत जायचे, शाळा सुटली की आधी काकूंचे दार वाजवायचे. घराची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात असायची.

एक सकाळ मला चित्रासारखी दिसते. ताई पाटावर उभी राहून गॅसवर खिमट ढवळते आहे. धाकटा डाव्या कडेवर. कडेवरचे मूल नेहमी आचेच्या पलीकडच्या बाजूला ठेवायचे, हे तिला कुणी शिकवले होते की एकदा काही घडता घडता वाचल्यावर ती शिकली होती, मला माहीत नाही. मुलाच्या वजनाने तिची कंबर एका बाजूला झुकलेली, आणि मूल खाली असतानाही ती तशीच उभी राहायची. उंबऱ्यात बसून मधला पाढे म्हणत होता, बाबा झोपलेले म्हणून कुजबुजत. "सात सक एकोणपन्नास," तो म्हणाला. "बेचाळीस," ताई मागे वळून न बघता म्हणाली. मग तिने चमच्याने थोडे खिमट मनगटाच्या आतल्या बाजूवर घेतले, थांबली, फुंकर घातली, पुन्हा घेतले, आणि खात्री झाल्यावरच वाटी भरली. भरवताना ती स्वतःचेही तोंड उघडायची, जशा सगळ्या आया उघडतात. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाली, "तू बस, तुला नाही जमायचं." त्या बोलण्यात तोरा होता, आणि मला त्या तोऱ्याचा हेवा वाटला होता.

ती दहा वर्षांची होती.

वसाहतीत तिचे कौतुक फार. "तुमची थोरली म्हणजे अर्धी आईच हो," असे बायका मावशीला म्हणायच्या आणि मावशीचा चेहरा उजळायचा. आज वाटते, त्या कौतुकाइतके पक्के कुलूप दुसरे नसेल. मारून-मुटकून कामाला लावलेले मूल कधीतरी उलटते. ज्याला शहाणे म्हणून गौरवले आहे, त्याला नाही म्हणायला तोंडच उरत नाही. मावशीला दोष द्यायला मात्र माझी जीभ रेटत नाही. ती नोकरी सोडू शकत नव्हती, काकांची पाळी बदलू शकत नव्हती, आणि त्या गावात पाळणाघर नावाची गोष्ट नव्हती. शिवाय तिला त्यात काही वावगे वाटत नव्हते, आणि का वाटत नव्हते, ते मला फार उशिरा कळले. त्याकडे मी येतेच.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले होते. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या बायका त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, हा त्यातला आकडा बराच गाजला. माणसांची काळजी घेण्याच्या कामाचे आकडे वेगळे दिले होते: बायका १३४ मिनिटे, पुरुष ७६. मला त्यातली एक कमी गाजलेली गोष्ट लक्षात राहिली. त्या सर्वेक्षणाने सहा वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येक व्यक्तीचा वेळ विचारला होता. म्हणजे त्या सरासरीत कुठेतरी पाटावर उभ्या राहिलेल्या मुलीही आहेत. त्या मोठ्या होतात, शिकतात, नोकरीला लागतात आणि एक दिवस कुणीतरी त्यांना विचारते की मूल कधी.

महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुले, २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.१ होता, २०१९-२१मध्ये तो १.७ झाला. त्याची कारणे म्हणून शिक्षण, उशिरा होणारी लग्ने, घरांचे हप्ते, शाळांच्या फिया यांची यादी दिली जाते आणि ती खरीच आहे. पण माझ्या वयाच्या मित्रमैत्रिणींशी रात्री उशिरा, गप्पा जरा खोल गेल्यावर बोलताना हप्त्यांचा विषय लवकर संपतो. मग एक जण सांगतो की वडिलांच्या स्कूटरचा आवाज जिन्यात आला की आम्ही टीव्ही बंद करून पुस्तके उघडायचो, आणि आपल्या येण्याने घर असे गप्प होईल याची त्याला भीती वाटते. एक मैत्रीण सांगते की तिची आई आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर बसायची, आणि तेवढे आपल्याच्याने होणार नाही म्हणून मूलच नको. चांगल्या आईचाही असा धाक बसतो, याचे मला तेव्हा नवल वाटले होते.

मानसशास्त्रज्ञांनी या प्रकाराचा बराच पाठपुरावा केला आहे. अमेरिकेत बर्कली येथे मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मोठ्या माणसांसाठी एक मुलाखत तयार केली. लहानपणी आईशी आपले नाते कसे होते हे सांगणारी पाच विशेषणे द्या, असे त्यात विचारतात. मग प्रत्येक विशेषणासाठी एखादी आठवण मागतात. वडिलांबद्दलही तसेच. मेख अशी की बालपण सुखाचे होते की दुःखाचे, यावर निकाल ठरत नाही. विशेषण आणि आठवण यांचा मेळ बसतो का, माणूस आपली हकीकत सलगपणे सांगू शकतो का, हे पाहिले जाते. लंडनमध्ये पीटर फोनागी, हॉवर्ड स्टील आणि मिरियम स्टील यांनी पहिलटकरणींच्या अशा मुलाखती गरोदरपणातच घेतल्या आणि मूल वर्षाचे झाल्यावर ते आईला कसे बिलगते हे पाहिले. १९९१ साली त्यांनी लिहिले की सुमारे तीनचतुर्थांश जोड्यांमध्ये आईची मुलाखत आणि मुलाचे वागणे यांचा मेळ बसला. मूल जन्माला येण्याआधीच त्याच्या आईच्या बोलण्यात त्याची चाहूल होती, हे वाचून अंगावर काटा येतो खरा. मी मात्र उरलेल्या चतुर्थांशाचा विचार जास्त करते.

बैठकीनंतरच्या आठवड्यात मी तिन्ही भावंडांना फोनवर हा विशेषणांचा खेळ घातला. अर्थात खेळ म्हणूनच. ती मुलाखत घ्यायला रीतसर प्रशिक्षण लागते. धाकटा म्हणाला, "मला काही आठवत नाही, सगळं मस्त होतं," आणि त्याने फोन ठेवला. शेंडेफळच ते. मधला उत्साहाने बोलला. आई कशी होती? मायाळू, हसरी, सुगरण, धीर देणारी, कधीच न चिडणारी. आता एकेक आठवण सांग म्हटल्यावर त्याने भराभर सांगितल्या: गोवर आला तेव्हा कपाळावर थंड पट्ट्या ठेवल्या, शाळेत मारामारी झाली तेव्हा बाईंना जाऊन सांगितले, अंधारात मोरीकडे जाताना दाराशी उभे राहून गाणे म्हटले. मी विचारले, हे सगळे मावशीने केले का? पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. पट्ट्या ताईने ठेवल्या होत्या. बाईंना ताईने सांगितले होते. गाणेही ताईचे. विशेषणे आईची होती आणि आठवणी बहिणीच्या.

ताईने तीनच विशेषणे दिली: कष्टाळू, प्रामाणिक, घाईत. चौथे सुचेना. आठवण मात्र तिने न मागता सांगितली. तिन्हीसांजेला मावशी यायची, पायांत चपला तशाच, खांद्याला पर्स, केसांत गाडीची धूळ, ती आधी ताईच्या कडेवरून धाकट्याला उचलून घ्यायची आणि मग विचारायची, "जेवलीस का?" "बाळ जेवलं का, असं तिने आधी कधीच विचारलं नाही. ते मी दिलेलं असणार याची तिला खात्री असायची. विचारायची ते मला." हे सांगताना तिचा आवाज हलला. त्यात अभिमान किती आणि दुःख किती, हे मला वेगळे करता आले नाही, आणि तिलाही ते करता येत असेल असे वाटत नाही. मधल्याला तीन मुले हवी आहेत. एकाच छपराखाली वाढलेल्या या दोघांना आईबाप होणे म्हणजे काय याची दोन पूर्णपणे वेगळी चित्रे मिळाली आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. घराने त्यांना घडवले असे म्हणणे अर्धवट ठरेल. घरात कोण कुठे उभे होते, पाटावर की उंबऱ्यात, त्याने घडवले. माझे चित्र तर पाहुणीचे, सुट्टीतले.

महाराष्ट्रात मूल न होऊ देण्याचा निर्णय जाहीरपणे जगून दाखवणारे पहिले ठळक नाव र. धों. कर्वे यांचे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे, त्यापायी प्राध्यापकी गमावणारे, १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवणारे हे गृहस्थ महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. नऊ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. पुढे वडिलांनी विधवेशी लग्न केले म्हणून घरावर बहिष्कार आला. यांत त्यांच्या निर्णयाचे कारण शोधण्याचा मोह मला होतो आणि मी तो आवरते, कारण त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी तो निर्णय विचारपूर्वक घेतला होता; त्याला बालपणाची जखम म्हणणे हा त्या विचाराचा अपमान होईल. एवढेच नोंदवते की त्याच वडिलांच्या दुसऱ्या संसारात वाढलेले दिनकर कर्वे आणि त्यांच्या पत्नी इरावतीबाई यांना तीन मुले झाली. ताईच्याही बाबतीत लोक आता "बिचारी, लहानपणी फार सोसलं" असे म्हणू लागले आहेत. तिला ते आवडत नाही. "मला काम काय असतं ते माहीत आहे, म्हणून मी विचार करते. ज्यांना माहीत नाही ते विचार न करता हो म्हणतात," असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे मला पटते.

आता मावशीकडे येते. माझी आई सहा भावंडांत थोरली, मावशी शेवटून दुसरी. आजोळी आजी शेतावर जायची आणि आई मावशीला काखेला मारून शाळेत न्यायची. गुरुजी भले होते. मागच्या ओळीत बसू द्यायचे, मूल रडले की बाहेर जायची मुभा असायची. असे गुरुजी सगळीकडे नसत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना हीच अडचण पाहिली होती: मुली शाळेत येत नाहीत कारण घरी धाकटे भावंड असते. म्हणून विकासवाडी या आपल्या प्रकल्पात त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. थोरलीने धाकट्याला घेऊनच यावे, त्याला पाळण्यात ठेवावे आणि आपण वर्गात जावे. थोरलीला कुणी नुसते शाबास म्हणण्याऐवजी तिच्या कडेवरचे ओझे उतरवून घेतल्याचे मला माहीत असलेले हे विरळ उदाहरण. आमच्या आजोळी तसे काही नव्हते. मावशी आईच्या कडेवर वाढली, आणि थोरल्या बहिणीने वाढवणे हीच तिच्या लेखी माया होती. स्वतःच्या थोरलीच्या कडेवर धाकट्याला देताना, आपल्याला मिळालेली सर्वांत चांगली गोष्ट आपण मुलाला देतो आहोत, असेच तिला वाटले असणार.

आणि माझी आई? मी शाळेत असताना तिला वारंवार विचारायचे, मला भाऊ किंवा बहीण का नाही. ती एकच उत्तर द्यायची: "माझी हौस फिटली होती." मला वाटायचे, माझ्यावरच तिची हौस फिटली, मी इतकी लाडकी. या उत्तरावर मी बरीच वर्षे खुशीत काढली. परवा ताईच्या त्या वाक्यानंतर मी आईला पुन्हा विचारले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तू झालीस तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, आणि त्यातली वीस वर्षं कुणा ना कुणाचं दुपटं धूत होते. तुला मी मोजून-मापून, ठरवून आणलं. एकच. नीट बघायचं होतं मला." ज्या रिकाम्या दुपारींमुळे मला भरलेल्या घराची ओढ लागली, त्या दुपारी तिने फार कष्टाने मिळवल्या होत्या. माझी ओढ त्यामुळे खोटी ठरत नाही. मला अजूनही दोन मुले हवीत. फक्त ती का हवीत, हे सांगताना आता मी पूर्वीइतक्या झटक्यात बोलत नाही.

ताईच्या लग्नाची तारीख ठरली आहे. बैठकीच्या रात्रीच मुलाचा तिला फोन आला होता. "कधीच नको, की एकटीने नको?" एवढेच त्याने विचारले. अजून ठरायचे आहे, असे तिने सांगितले. त्याच्या आईची घाई अर्थातच तशीच आहे.

दरम्यान मधल्याच्या बायकोला दिवस राहिले आहेत, मार्चची तारीख दिली आहे. त्याने आनंदाने सगळ्यांना फोन केले आणि ताईला म्हणाला, "तू महिनाभर येशील ना? तू असलीस की आम्हाला काही बघायला नको." ती म्हणाली, "बारशाला येईन. आत्या म्हणून येईन, नाव ठेवीन, कुंचीही शिवून आणीन. महिनाभर तू राहा." तो आधी रुसला. मग आठवडाभराने त्याने कार्यालयात चौकशी केली. आईला कायद्याने सव्वीस आठवड्यांची रजा आहे, केंद्र सरकारच्या नोकरीत बापालाही पंधरा दिवस मिळतात. खाजगी नोकरीत बापासाठी असा कायदाच नाही, आणि त्याच्याकडे तशी पद्धतही नाही. म्हणून आता तो स्वतःच्या हक्काच्या रजा साठवतो आहे आणि या दिवाळीला घरी येणार नाही, असे त्याने मावशीला कळवले आहे. मावशी परवा फोनवर माझ्या आईकडे कुरकुरत होती, "बाळंतपण सुनेचं आणि रजा याची! आमच्या वेळी असं नव्हतं बाई." आईने भाजीची परात बाजूला सारली आणि म्हणाली, "आपल्या वेळी मी होते."